नात्यातला पंच

पहिल्या दिवशी मी त्यांच्या घरी पोळ्या करायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कधी कुणासाठी साक्ष दिली आहे का?" मी नाही म्हटलं. मग विचारलं, या बिल्डिंगमध्ये तुमच्या नात्यातलं कुणी राहतं का. त्यालाही नाही म्हटलं. चष्मा आहे का? नाही. सही येते का? येते म्हटलं. "उत्तम," म्हणाले आणि आत जाऊन पेपर वाचत बसले. पोळ्या किती करायच्या ते सांगितलंच नाही. मी अंदाजाने सहा केल्या आणि घाबरत घरी आले. माझा नवरा काशीमिऱ्याला गॅरेजमध्ये कामाला होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हातारा कोर्टातला दिसतोय. सांभाळून राहा."

ते कोर्टातले नव्हते. वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. बाजारात अचानक जायचं, दुकानदाराचं वजन तपासायचं, खोटं निघालं तर जप्त करायचं आणि तिथल्या तिथे पंचनामा लिहायचा, हेच त्यांनी नोकरीभर केलं. पंचनाम्याला दोन पंच लागतात, म्हणजे समोर उभं राहून बघणारी दोन बाहेरची माणसं. त्यांनी सह्या केल्या की ते खरं धरतात. रिटायर झाल्यावर काकांना पक्षी बघायचा नाद लागला, पण पंचनाम्याची सवय सुटली नाही. त्यांच्याकडे लाल पाठीची एक लांबट वही होती. तिच्यात रकाने आखलेले. नंबर, पक्षी, जागा, वेळ, पंच एक, पंच दोन. दोन माणसांनी बघून सही केल्याशिवाय त्या वहीत चिमणीसुद्धा गेली नव्हती. ते स्वतः पंच व्हायचे नाहीत. म्हणायचे, "मी अधिकारी. अधिकाऱ्याची साक्ष धरत नाहीत."

मी त्यांना काका म्हणायचे. ते मला बाई म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. घरकामाला येणाऱ्या बाईला कुणी अहो म्हणत नाही. त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, माझ्यामागे कुणीतरी उभं आहे आणि ते त्यांच्याशी बोलतायत.

बिल्डिंग इंद्रलोक वसाहतीच्या मागच्या अंगाला होती. चार मजले, लिफ्ट नाही. काका चौथ्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको वारली होती आणि मुलगी लग्न होऊन नाशिकला होती. वरच्या गच्चीवरून मिठागरं दिसायची, त्यांच्यापुढे तिवरं आणि मग खाडी. मी यायच्या आधी समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी तक्रार केली होती, की एक म्हातारा सकाळी सकाळी दुर्बीण लावून खिडक्यांतून बघतो. मीटिंग झाली. सोसायटीचे सेक्रेटरी कापडाच्या दुकानाचे मालक होते, गुजराती. ते गच्चीची चावी मागायला आले. काका अजिबात रागावले नाहीत. तक्रार योग्य आहे, असं त्यांनीच लिहून दिलं. खाली लिहिलं, की यापुढे दुर्बीण डोळ्याला लावली जाईल ती एका बाहेरच्या बाईच्या समक्षच. आणि मग त्यांनी पोळ्यांना बाई शोधली.

म्हणून रोज आधी अर्धा तास गच्ची आणि मग पोळ्या, असं माझं काम ठरलं.

मला पक्षी थोडे माहीत होते. माझं माहेर चिपळूणच्या बाजूचं. पण मला बोलायची सवय नव्हती. बसमधून जाताना आपला स्टॉप आला तर कंडक्टरला सांगायची मला लाज वाटायची. पुढच्या स्टॉपला कुणी उतरलं की मागून उतरायचे आणि चालत परत यायचे. अशा बाईला काका विचारायचे, "काय दिसलं?" पहिल्यांदा तारेवर एक निळा पक्षी बसला होता. मी बऱ्याच वेळाने म्हटलं, खंड्या असावा. ते म्हणाले, "असावा नावाचा पक्षी माझ्या वहीत नाही. नाव मागाहून. आधी दिसलं काय ते सांगा." चोच कसली, पाय कसले, बसला कसा, उडाला तर पंख कसे मारले. मी एकेक सांगत गेले. ते मान हलवत ऐकत राहिले. माझं बोलणं इतका वेळ कुणी मध्ये न बोलता ऐकलं नव्हतं.

दुसरी पंच नवघर गावातली मावशी होती. ती आठच्या सुमाराला मासे घेऊन यायची. काका तिच्यावर खूश होते, कारण ती मासे वाट्याने विकायची. "वाट्याला तराजूच नाही. म्हणजे खोटं वजनही नाही," असं ते सांगायचे. मावशी टोपली दाराशी ठेवून गच्चीवर यायची. मग एकीची साक्ष चालू असताना दुसरीने जिन्यात जाऊन उभं राहायचं, म्हणजे एकीचं ऐकून दुसरीने बोलायला नको. मावशी रोज कुरकुरायची.

"आमी काय चोरी केलीय का रं, आमाला येगलं उभं करतोस?"

"चोरी तुम्ही नाही केली," काका म्हणायचे. "चोरी डोळे करतात."

मावशीला सही येत नव्हती. ती अंगठा लावायची. काकांनी त्यासाठी शाईचं पॅड आणून ठेवलं होतं. पण खाडीचे पक्षी तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचे. पायाला काठ्या बांधल्यासारखा चालतो तो शेकाट्या, आणि शेपूट सारखी खालीवर करतो तो तुतवार, हे मला तिच्यामुळे समजलं. वही वाऱ्याने उडू नये म्हणून काका तिच्यावर पितळेचं एक किलोचं वजन ठेवायचे, सरकारी शिक्क्याचं. आणि वाचल्याशिवाय सही करू द्यायचे नाहीत. मी चौथीपर्यंत शिकले होते, पण लग्नानंतर वाचायचं काही कारण पडलं नव्हतं. आता रोज एक ओळ वाचायची होती. पहिल्या महिन्यात एका ओळीला पोळीचा तवा तापेपर्यंत वेळ लागायचा. काका घाई करायचे नाहीत. पुढेपुढे मी मागची पानंही वाचायला लागले.

रविवारी काका कागदावर आठवड्याचे पक्षी लिहायचे आणि खाली सोसायटीच्या बोर्डावर लावायचे. वर ठरलेलं वाक्य, "खालील पक्षी दोन पंचांसमक्ष दिसले." खाली पंच म्हणून माझं आणि मावशीचं नाव. बोर्डावर माझं नाव बघून मला पहिल्या वेळी जिना चढवेना. बायका मला पंचबाई म्हणायला लागल्या. आज कावळ्याची साक्ष झाली का, असं विचारायच्या. कुणी काकांना सांगायचं, "अंकल, पानी का टाइम लिखो ना. चिड़िया जानके क्या करना है?" काका म्हणायचे, पाण्याची वेळ रोज खोटी निघते, मी खोटं लिहीत नाही.

पण तेच लोक कागद वाचायचे. एकदा सेक्रेटरी स्वतः चार मजले चढून वर आले. धापा टाकत म्हणाले, काशीमिऱ्याला हायवेच्या पलीकडे डोंगराच्या बाजूला मी मोर पाहिला, तो बोर्डावर लावा. काकांनी विचारलं, बरोबर कोण होतं. ते म्हणाले, मेहुणा होता, त्यानेही पाहिला. काकांनी वही मिटली.

"नात्यातला पंच चालत नाही."

"अरे, साला नहीं चलेगा तो क्या दुश्मन को लेके जाऊँ?"

"दुश्मन चालेल," काका शांतपणे म्हणाले.

सेक्रेटरी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मोर वहीत गेला नाही.

वहीतल्या मागच्या पानांवर एक ओळ मला नेहमी अडवायची. नंबर एकसष्ट. पक्षी चमचा, जागा मिठागराचा बांध, वेळ सकाळची सव्वासात. आणि पंचांचे दोन्ही रकाने कोरे. सगळ्या वहीत तेवढीच ओळ अर्धी होती. एक दिवस मी धीर करून विचारलं, की हा पक्षी दोघांनी पाहिला नाही तर लिहिला कसा. काका म्हणाले, "लिहिला नाही. जागा धरून ठेवली आहे." चमचा हा मोठा पांढरा पक्षी, बगळ्याहून उंच, चोच पुढे चमच्यासारखी चपटी. थंडीत कधीतरी येतो, पुष्कळदा येतच नाही. एवढं त्यांनी सांगितलं. "तेव्हा एक पंच होता. पण चालण्यासारखा नव्हता," असं म्हणून ते आत गेले.

बाकीचं मला मावशीने सांगितलं, जिना उतरताना. काकांची बायको मावशीकडूनच मासे घ्यायची. त्या दिवशी ती नवऱ्याबरोबर बांधावर फिरायला गेली होती आणि तो पक्षी आधी तिलाच दिसला. तिने काकांना दाखवला. दोघांनी पुष्कळ वेळ पाहिला. घरी येऊन तिने आपणहून पेन उचललं, तर काका म्हणाले, नात्यातला पंच चालत नाही.

"मंग ती काय बोलली ठाव हाय?" मावशी म्हणाली. "बोलली, माजं डोलं काय भाड्यानं आनलेलं हायेत? त्या दिवसापासून ती त्याच्यासंगं कवा गेली न्हाय. बगाला बी न्हाय आन् फिराला बी न्हाय. आन् दोन वर्सांनी गेलीच."

वर आल्यावर मी भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे बघितलं. रोज बघायचे, पण त्या दिवशी तिचे डोळे बघितले. साधे डोळे होते.

नंतर काकांची नजर जायला लागली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते वहीवरून. त्यांचं अक्षर रेघेवरून खाली घसरायला लागलं. मग एकदा त्यांनी तिवरात अडकलेल्या पिशवीला ढोकरी बगळा म्हटलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. पुढे डॉक्टरकडे गेले तेव्हा काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी डोळ्यात थेंब टाकायच्या वेळा लिहून भिंतीला लावल्या आणि गच्चीवर यायचं चालूच ठेवलं. आता दुर्बीण माझ्या हातात असायची आणि ते नुसतं त्या बाजूला तोंड करून उभे राहायचे. पण थंडी सुरू झाली की त्यांना राहवायचं नाही. बांधाकडे काही पांढरं आहे का, एवढंच पुनःपुन्हा विचारायचे.

एका सकाळी त्यांनी माझा दंड धरला. तोवर त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. म्हणाले, "तिथे. बांधाच्या टोकाला. पांढरा, उंच. चमचा आहे ना?"

मी दुर्बीण लावली. साधा बगळा होता.

त्यांनी दंड सोडला नव्हता. मी म्हटलं, "हो."

ते लगेच खाली आले, वही काढली, टेबलावर वजन ठेवलं आणि मला समोर उभं केलं. चोच कशी? चपटी, पुढे चमच्यासारखी. पाय? काळे. हे सगळं त्यांनीच मला कधीतरी सांगितलेलं होतं. ते मान हलवत होते. मग विचारलं, "खात होता ना? चोच कशी चालवत होता?"

ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "टोचत होता. पाण्यात बघून टोचत होता."

काकांनी पेनाला टोपण लावलं.  खिडकीत कावळा ओरडत होता.

"बाई, तुम्ही पाहिला नाहीत."

 ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून बोललात, ते कळतं मला. पण आता मागच्या तुमच्या सगळ्या सह्यांचं मी काय करू?" मग म्हणाले, "उद्यापासून नुसत्या पोळ्याच करा."

त्यानंतर आम्ही गच्चीवर गेलो नाही. बाई बरोबर असल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनीच लिहून दिलं होतं आणि दुसरी बाई त्यांनी शोधली नाही. मावशी येऊन मासे द्यायची आणि विचारायची, आज न्हाय का बगायचं. काका म्हणायचे, पंच नाही. मी आत लाटत असायचे. पोळ्या तशाच व्हायच्या, ते अहो-जाहोही करायचे. पण पूर्वी मी काही सांगितलं तर ते ऐकायचे, तसं ऐकणं आता राहिलं नव्हतं. भाजीत मीठ बरोबर आहे, असं म्हटलं तरी ते चाखून बघायचे. बोर्डावर रविवारचा कागद येईना. पहिले दोन रविवार कुणाला काही वाटलं नाही. तिसऱ्या रविवारी सेक्रेटरींनीच मला जिन्यात थांबवलं. "अंकल का चिड़िया का पेपर क्यों नहीं आता? तबियत ठीक है ना?" मी ठीक आहे म्हटलं आणि वर गेले. माझ्यामुळे येत नाही, हे सांगायचं धाडस झालं नाही.

असं वर्ष गेलं. पुढच्या थंडीत मिठाचं काम सुरू झालं होतं. आमची खोली नवघरच्या पुढे होती आणि मी मिठागराच्या कडेच्या वाटेने कामाला यायचे. एका सकाळी मिठाच्या पहिल्या क्यारीपलीकडच्या उथळ पाण्यात तो उभा होता. मी थांबले. बगळा नाही, हे लगेच कळलं. चोच लांब, काळी, पुढे रुंद झालेली आणि टोकाला पिवळी. तो चालत होता आणि चोच पाण्यात बुडवून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत होता. एकदाही टोचत नव्हता.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की मी एकटी आहे. मी वर जाऊन सांगितलं तर ते ऐकून घेतील आणि वही काढणार नाहीत. काढूही नये.

बांधावर लांब एक म्हातारा मजूर फळीने मीठ ओढत होता. मी त्याला हाक मारली. आवाज फुटला नाही. पुन्हा मारली, तो बघेना. मग मी इतक्या मोठ्याने ओरडले की मलाच घाबरायला झालं. पक्षी उडेल असं वाटलं. तो उडाला नाही, नुसती मान वर केली. मजूर फळी टाकून आला. त्याला वाटलं मला काही चावलं. मी त्याला पक्ष्याचं काहीच सांगितलं नाही. तेवढा नियम मला पाठ होता. नुसतं म्हटलं, "उसको देखो. अच्छे से देखो. कुछ बोलना नहीं."

तो बघत राहिला. मग मी त्याला म्हटलं, मेरे साथ चलो, सही करनी है. तो म्हणाला, "चिड़िया के वास्ते सही?" मी हो म्हटलं. वाटेत तो दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा मी त्याला चला म्हटलं. त्याचे पाय मिठाने पांढरे झाले होते. चारही जिन्यांवर त्याच्या पावलांचे ठसे उमटले.

काकांनी दार उघडलं. मी म्हटलं, चमचा दिसला आणि पंच आणलाय.  त्यांनी मजुराला आत घेतलं आणि मला हाताने जिन्याकडे जायची खूण केली. मी जिन्यात उभी राहिले. आतून आवाज येत होता, शब्द येत नव्हते. थोड्या वेळाने मजूर बाहेर आला आणि मी आत गेले.

चोच, पाय, उंची. सगळं झालं. मग तेच विचारलं, "चोच कशी चालवत होता?"

मी म्हटलं, "ओल्या फडक्याने फरशी पुसतो तशी. या बाजूने त्या बाजूला. पुसत पुसत पुढे."

काका खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "तो म्हणाला, मीठ ओढतात तशी." मग भिंतीवरच्या फोटोकडे तोंड करून म्हणाले, "फरशी पुसतात तशी, असं ही म्हणाली होती."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. त्यांना रकाने दिसत नव्हते. मी लिहिलं, ते सांगत गेले. मी सही केली, मजुराने हिंदीत केली. तो जाताना काकांना म्हणाला, फिर दिखे तो बताऊँ क्या. काका म्हणाले, दोघे असाल तर सांगा.

तो गेल्यावर काका म्हणाले, "एकसष्ट नंबर काढा." मी पान काढलं. "पंच एक," म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी नाव सांगितलं. इतकी वर्षं मी त्या घरात येत होते, बायकोला ते 'ही' म्हणायचे नाहीतर 'आमची'. ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. काना-मात्रा विचारून लिहिलं. सहीच्या जागी काय करू, असं विचारलं.

"घेता येत होती तेव्हा मी घेतली नाही," ते म्हणाले. "ती जागा तशीच ठेवा. आणि पंच दोनही कोराच ठेवा. नियमाने ही नोंद पुरी होत नाही."

मग वाचून दाखवा म्हणाले. मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचा म्हणाले. मी पुन्हा वाचली.

रविवारी बोर्डाचा कागद मी लिहिला. काकांनी दोन्ही चमचे लिहायला सांगितले, हा ठरलेल्या वाक्याखाली आणि तो जुना सगळ्यात खाली वेगळा, सहीची जागा कोरी ठेवून. मी टाचण्या लावत होते तेव्हा सेक्रेटरी मागे येऊन उभे राहिले. वाचून झाल्यावर एका नावावर बोट ठेवून विचारलं, "ये कौन?" मी मागे वळून म्हटलं, "अंकल की मिसेस. पहले उन्होंने ही देखा था."

"मेरा साला नहीं चला, और बीवी चल गई?"

मी म्हटलं, "नहीं चली. इसलिए साइन नहीं है."

 आमच्या कागदाचा खालचा एक कोपरा सुटा होता, टाचण्या संपल्या होत्या. सेक्रेटरींनी पाण्याच्या वेळेच्या नोटिशीची एक टाचणी काढली आणि त्या कोपऱ्याला लावली.

पुढच्या वर्षी मुलगी येऊन काकांना नाशिकला घेऊन गेली. वही आणि पितळेचं वजन त्यांनी मला दिलं. मिठागराच्या वाटेने मी अजून जाते. मावशी आता येत नाही, बरोबर कुणी नसतं. एकटीने पाहिलेलं मी त्या वहीत लिहीत नाही. त्यासाठी ही दुसरी वही केली आहे. काकांचं हे सगळं मी एकटीनेच पाहिलं आहे, म्हणून ते इथे लिहिलं.